माळ रिकामा नाही



मृग नक्षत्र जवळ आले की आपल्या धर्मग्रामात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते : मुलांच्या वह्या-पुस्तकांची आणि झाडांच्या रोपांची. ५ जूनच्या पर्यावरण दिनाला लागून येणाऱ्या रविवारी वृक्षारोपण करायचे, ही आपली काही वर्षांची पद्धत आहे. यंदाही युवक मंडळाची मुले मिस्सानंतर भेटली आणि "फादर, या वर्षी कुठे?" असे विचारू लागली. त्यांना उत्तर देण्याआधी गेल्या वर्षी काय घडले, ते सर्वांना सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. चूक युवकांची नव्हती. जागा आम्हीच पसंत केली होती.

आपल्याला आठवत असेल, गेल्या जूनमध्ये मिस्सा आटोपून आपण सत्तर-ऐंशी जण गावाबाहेरच्या माळावर गेलो होतो. दोनशे रोपे जमवली होती. त्यांतली बहुतेक गिरिपुष्पाची, कारण ते लवकर वाढते आणि कमी पाण्यावर तगते. प्रार्थना झाली, खड्डे खणायला सुरुवात झाली. एक टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालीत सारखी ओरडत होती. तिच्या ओरडण्याकडे आम्ही कोणीच लक्ष दिले नाही. चाळीसएक खड्डे झाल्यावर एका मुलाची कुदळ थबकली. दगडगोट्यांच्या मध्ये, दगडांच्याच रंगाची चार अंडी होती. दोन फुटली होती.

आम्ही सगळे खाली मान घालून उभे असतानाच मेंढ्या घेऊन एक वृद्ध धनगर बाबा तेथे आले. ते म्हणाले, "फादर, हितं झाडं कशापायी लावताय?"

"बाबा, माळ ओसाड पडलाय. हिरवा करायचाय," आम्ही उत्तर दिले.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खाली वाकून त्यांनी गवताची एकेक काडी दाखवायला सुरुवात केली. "ह्यो पवन्या. ह्यो मारवेल. ही कुसळी. चार पाऊस पडूं द्या, मेंढरं ह्याच्यावरच जगत्यात. झाडांची सावली पडली की हे मरतंय. माळ रिकामा न्हाई, फादर. तुमास्नी दिसत न्हाई, एवढंच."

त्या दिवशी आम्ही काम थांबवले. काही मुले नाराज झाली. "झाडे लावायलाही विरोध?" असे एकाने विचारले. ते स्वाभाविक होते. झाड लावणे म्हणजे पुण्य, हे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. पण त्या बाबांचे शेवटचे वाक्य वर्षभर आमच्या मनातून गेले नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, 'असणे' म्हणजे काय यावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. आणि पायाखाली जे आहे, तेच आम्हांला दिसले नाही!

खोटे नाव

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर सर्व प्राणी आणि पक्षी आदामाकडे आणतो, तो त्यांना काय नावे देतो ते पाहण्यासाठी (उत्पत्ती २:१९). माणसाला मिळालेले हे अगदी सुरुवातीचे काम. नाव देण्यासाठी आधी नीट पाहावे लागते, ओळख करून घ्यावी लागते. ज्याचे नाव आपण चुकीचे ठेवतो, त्याच्याशी आपले वागणेही चुकते. एखाद्या मुलाला घरात रोज 'बिनकामाचा' म्हटले, तर पुढे त्याच्या वाट्याला काय येते, हे आपण जाणतो.

आपण माळाला 'पडीक' म्हणतो. हे केवळ आपणच करतो असे नाही. भारत सरकारने २००० साली देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात गवताळ प्रदेशांचे मोठमोठे पट्टे 'पडीक' या सदरात आले. एकदा हे नाव पडले की मग तेथे काहीही करायला मोकळीक मिळते. प्लॉटिंग, मुरमाचे उत्खनन, कारखान्याचा कचरा, आणि आमच्यासारख्या भल्या हेतूच्या माणसांचे वृक्षारोपणसुद्धा!

खरे पाहता दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेकडून आलेले ढग मावळात रिकामे होतात आणि आपल्याकडे येते ते उरलेसुरले पाणी. जमीन उथळ, खाली मुरूम आणि काळा खडक. अशा जागी दाट जंगल मुळातच होत नाही. तेथे गवत होते. मधूनमधून एखादा हिवर, एखादी बोर किंवा बाभूळ. जंगल तोडल्यामुळे माळ तयार झाला, अशी आपली समजूत असते. पण सावली न सोसणारी ही गवते आणि त्यांवर जगणारे जीव फार प्राचीन काळापासून येथेच आहेत. पावसाळा संपला की गवत वाळते आणि माळ उजाड दिसतो. तो मेलेला नसतो. त्याचा जीव जमिनीखाली मुळांत असतो. ती मुळे माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात, आणि हवेतला कार्बन जमिनीत साठवून ठेवतात. वणवा लागला तरी तो साठा जमिनीखाली बराचसा सुरक्षित राहतो.

आणि त्या माळावर राहते कोण? चिंकारा, खोकड, ससा, तरस, लांडगा, घोरपड. चंडोल, धाविक, पखुर्डी, माळटिटवी. हिवाळ्यात मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडत येणारे भोवत्या पक्षी रात्री गवतात उतरतात. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यातले काळविटांचे रेहेकुरी अभयारण्य १९८० सालचे, ते तर २.१७ चौरस किलोमीटर. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. पण आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेला हा उंच, रुबाबदार पक्षी आपली नातवंडे बहुधा चित्रातच पाहतील. त्याला कोणी एका दिवसात संपवले नाही. शिकार झाली, माळ नांगरला गेला, विजेच्या तारा आल्या. 'पडीक' जागेवर कोण राहते, हे विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

ईयोबच्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर ईयोबला प्रश्न विचारतो. जेथे एकही माणूस राहत नाही, अशा उजाड जागेवर पाऊस पाडून कोवळे गवत कोण उगवतो (ईयोब ३८:२६-२७)? माणसाचा काही फायदा नसलेल्या जागेवर पाऊस! पुढे तो जमिनीवरच अंडी घालणाऱ्या शहामृगीचे वर्णन करतो. कोणाचा पाय पडून ती फुटतील याचे तिला भान नाही (३९:१३-१५). हा अध्याय आम्ही अनेकदा वाचला होता. त्या फुटलेल्या दोन अंड्यांनंतर तो पहिल्यांदा समजला. ज्या जागेला आपण रिकामी म्हणतो, तिची देवाला काळजी आहे.

एकाच्याने पुरत नाही

कोणी विचारील, "फादर, एवढे प्रकार हवेतच कशाला? एक-दोन जातींचे गवत, एक-दोन जातींचे पक्षी नाहीसे झाले, तर काय बिघडते?"

हा प्रश्न तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनीही आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात हाताळला आहे. सृष्टीत इतकी विविधता का? त्यांचे उत्तर सोपे आणि खोल आहे. देवाचे चांगुलपण अपार आहे. ते दाखवायला एक प्राणी पुरा पडत नाही. म्हणून देवाने पुष्कळ आणि वेगवेगळे निर्माण केले. एकात जे कमी पडते, ते दुसऱ्यात भरून निघावे म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली दिलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच विचाराची आठवण करून दिली आहे.

आपल्या मिस्सातील गायनमंडळाचे उदाहरण घ्या. सगळेच एका आवाजात गाऊ लागले, तर गाणे होईल. पण पुष्कळसे हरवेल. एखादी जात कायमची नाहीशी होते, तेव्हा देवाच्या स्तुतीतला एक आवाज थांबतो आणि तो आपल्याला परत आणता येत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मासे आणि पक्षी निर्माण करून परमेश्वर ते चांगले आहे असे पाहतो आणि त्यांना आशीर्वाद देतो (१:२१-२२). त्या वेळी माणूस अजून निर्माणच झालेला नाही! म्हणजे ते चांगले आहेत, हे आपल्या उपयोगावरून ठरलेले नाही. आपल्याला उपयोगी पडणे हा त्यांचा दुसरा गुण. असणे हा पहिला. जलप्रलयानंतर देवाने जो करार केला, तोही एकट्या नोहाशी नव्हता, तर तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक सजीवाशी होता (उत्पत्ती ९:९-१०). नोहाने तारवात केवळ कामाचे प्राणी घेतले नव्हते.

लांडग्याचे काय?

आता अवघड भागाकडे येतो. टिटवीसाठी हळहळणे सोपे आहे. लांडग्याचे काय?

आपला भारतीय लांडगा हा जगातील लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन वंशांपैकी एक आहे. साऱ्या देशात तो अंदाजे तीन हजारांच्या आसपास उरला असावा. वाघापेक्षाही कमी! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण त्याचे घर माळ आहे, आणि माळाला आपण पडीक ठरवले. चिंकारे आणि ससे कमी झाले, तेव्हा तो मेंढ्या-शेळ्यांवर आला. मेंढी कोणाची जाते? अभयारण्याच्या बातमीने आनंदणाऱ्या शहरातल्या माणसाची नाही. ती पालावर राहणाऱ्या धनगराची जाते.

आम्ही त्या बाबांना नंतर एकदा विचारले, "लांडगा कोकरू नेतो, तेव्हा राग येत नाही?" ते म्हणाले, "येतो की! पर त्योबी ह्याच माळाचा. त्याचाबी वाटा असतोय." हे ऐकून आम्हांला यशयाच्या पुस्तकातील ते दृश्य आठवले, ज्यात लांडगा आणि कोकरू एकत्र राहतात (यशया ११:६). आपण ते स्वर्गातले चित्र समजून पुढे जातो. येथे एक गरीब माणूस, स्वतः नुकसान सोसून, त्याची थोडी किंमत रोज मोजत आहे.

पण येथे आम्ही घाई करू इच्छित नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुले होती. ज्या आईने आपले मूल गमावले, तिच्यासमोर उभे राहून 'बिबट्यालाही जगू द्या' असा उपदेश करण्याचे धाडस आम्हांला होणार नाही, आणि कोणी करूही नये. एक मूल प्रभूला किती मोलाचे आहे, हे शुभवर्तमान आपल्याला सांगते. आपण पुष्कळ चिमण्यांहून मोलाचे आहोत, असे प्रभूने स्वतः म्हटले आहे. मात्र त्याच श्वासात, त्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असेही त्याने सांगितले (लूक १२:६-७). आपल्याला ही दोन्ही वाक्ये एकत्र धरायची आहेत. एक सोडून दुसरे धरणे सोपे असते.

आणि दोन्ही एकत्र धरली की दिसते, की हे दुःख एका प्राण्याच्या क्रूरपणातून आलेले नाही. कालव्यांचे पाणी आले, ऊस आला. त्या उसाने आपल्या भागातली अनेक घरे उभी केली, हे आपण नाकारत नाही. पण उंच, दाट उसात बिबट्याला लपायला आणि पिले वाढवायला जागा मिळाली. वस्त्यांवर मोकाट कुत्री मिळाली. जेथे आपण सगळीकडे एकच पीक आणि एकच प्रकारची जमीन करून टाकतो, तेथे प्राण्यांच्या आणि माणसांच्या मधली जुनी अंतरे मोडतात. मग त्याची किंमत मोजतो तो शेताच्या कडेला राहणारा मजूर, त्याचे मूल, आणि शेवटी तो प्राणीही. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे करता येत नाहीत, असे पोप फ्रान्सिस वारंवार सांगत राहिले. आपल्या तालुक्यांत हे पुस्तकात वाचावे लागत नाही.

भाडोत्री मेंढपाळ कोण?

योहानाच्या शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळाचा दाखला आपण सर्व जाणतो (योहान १०:११-१३). त्यात लांडगा येतो. पण दाखला लक्षपूर्वक वाचा. प्रभूची तक्रार लांडग्याविषयी नाही. लांडगा लांडग्यासारखा वागतो. प्रभूची तक्रार आहे भाडोत्री माणसाविषयी. मेंढरे त्याची स्वतःची नाहीत, म्हणून त्याला त्यांची काळजी नाही. संकट दिसताच तो निघून जातो.

बंधू-भगिनींनो, आपण या भूमीवर भाडोत्री आहोत की मेंढपाळ? एदेन बागेत परमेश्वराने माणसाला ठेवले, ते तिची मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). मशागत आपण केली. राखण?

आपलाच हिशेब मांडून पाहू या. गेल्या सणाच्या जेवणानंतर उरलेले अन्न, पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास आपण ट्रॉलीत भरले. ते कोठे गेले, हे कोणी विचारले नाही. आम्हीही नाही. नंतर कळले, की गावाबाहेरच्या माळाच्या कडेला ते ओतले गेले. तेथेच कोंबड्यांची आतडी-पिसे टाकली जातात. त्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. ती कुत्री जमिनीवरची अंडी खातात, चिंकाऱ्यांच्या पाडसांमागे लागतात, लांडग्यांना रोग देतात. पुण्याच्या परिसरात तर कुत्रा आणि लांडगा यांच्या संकरातून झालेले प्राणीही आढळले आहेत, हे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. म्हणजे गोळी न झाडता, कुऱ्हाड न चालवता, एका सणाच्या उष्ट्यानेसुद्धा आपण एका प्राचीन जातीच्या नाशाला हातभार लावू शकतो! यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. 'ते माझे नाही, माझ्या दारात नको' एवढाच विचार होता. भाडोत्री माणूस असाच विचार करतो.

ते चाळीस खड्डे आम्ही त्याच आठवड्यात बुजवले. गेल्या महिन्यात जाऊन पाहिले. तेथे पवन्या परत आलेला नाही. गाजर गवत आले आहे. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेले हे परदेशी तण माती उकरलेली दिसली की लगेच घुसते. पश्चात्ताप झाला, क्षमा मिळाली, तरी केलेल्या कृतीचा परिणाम मागे राहतो. म्हणूनच पापनिवेदनानंतर आपल्याला प्रायश्चित्त सांगितले जाते. आमचे प्रायश्चित्त आम्ही ठरवले आहे : दर महिन्याला जाऊन ते गाजर गवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटायचे. यायचे असेल त्यांनी यावे.

यंदा काय करावे?

पहिले, झाडे अवश्य लावू या. पण जेथे झाडांची जागा आहे तेथे. घराच्या अंगणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, बांधावर. कडुनिंब, चिंच, करंज, वड, उंबर. ज्याला पाणी घालायची आपली तयारी आहे, तेवढीच.

दुसरे, माळाला 'पडीक' म्हणणे सोडू या. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी या पावसाळ्यात दहा गवतांची आणि दहा पक्ष्यांची मराठी नावे शिकावीत. शिकवायला आम्ही त्या धनगर बाबांना विनंती केली आहे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. आपणही नावापासून सुरुवात करू.

तिसरे, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावातल्या जाणत्या माणसांचे ज्ञान अशा नोंदवहीत यावे, यासाठी डॉ. माधव गाडगीळ यांनी पुष्कळ वर्षे काम केले. आपापल्या गावी ती नोंदवही पाहायला मागा. आपला माळ त्यात आहे का, ते बघा.

चौथे, वन्य प्राण्याने मेंढी किंवा शेळी मारल्यास शासनाकडून भरपाई मिळते. पण वेळेत कळवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो, कागद जोडावे लागतात. फिरत्या मेंढपाळाला हे जमत नाही. आपल्यात लिहिता-वाचता येणारे, कचेरीची भाषा कळणारे पुष्कळ आहेत. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी असे अर्ज भरून देण्याची तयारी दाखवली आहे. लांडगा जगावा असे आपल्याला वाटत असेल, तर त्याची किंमत एकट्या धनगराने मोजू नये. हा उपकार नाही, हा न्याय आहे.

पाचवे, येत्या सणाला पत्रावळ्या पानांच्या, पाण्याला स्टीलचे पेले, आणि उरलेल्या ओल्या कचऱ्याला आपल्याच आवारात खड्डा. महिला मंडळाने भांड्यांची जबाबदारी घेतली आहे; भांडी घासायला पुरुषांनीही यावे.

हे करून माळढोक परत येईल का? बहुधा नाही. लांडगा वाचेल का, हे आपल्या एका धर्मग्रामावर ठरणार नाही. पण प्रभू आपल्याला विचारील, तेव्हा यशाचा हिशेब मागणार नाही. राखण केली का, एवढेच विचारील.

जाता जाता एक सांगतो. त्या दिवशी उरलेली दोन अंडी आम्ही होती तशीच ठेवली आणि सर्वांना लांब नेले. तासाभराने दुरून पाहिले, तर टिटवी परत येऊन बसली होती. पुढे काय झाले, ठाऊक नाही. पण चूक करणाऱ्याला परमेश्वर पुन्हा एक संधी देतो, एवढे मात्र आम्ही त्या दुपारी पाहिले.

प्रार्थना

हे परमेश्वर पित्या, तू निर्माण केलेले जे जे आम्हांला दिसले नाही, त्याबद्दल आम्हांला क्षमा कर. आमचे डोळे उघड. ज्यांनी वन्य प्राण्यांच्या हल्ल्यांत आपली माणसे गमावली, त्यांचे सांत्वन कर. उन्हापावसात मेंढरांमागे फिरणाऱ्या तुझ्या लेकरांचे रक्षण कर. माळावरचे गवत, त्यातले पाखरू आणि त्यावरचा लांडगा, या सर्वांची राखण करण्याची बुद्धी आम्हांला दे. असिसीकर संत फ्रान्सिस, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू